मॅन्युअल, ड्युअल-क्लच की कन्व्हर्टर? पळणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स सोलापूरच्या रस्त्यावर कसा पारखायचा

गड्ड्याच्या यात्रेतली संध्याकाळ. होम मैदानाच्या बाजूला ही गर्दी. पुढे रिक्षा, डावीकडे फुगेवाला, मागच्या सीटवर आप्पा. माझी तेव्हाची गाडी ड्युअल-क्लचची होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझीच होती. चाळीस मिनिटं आम्ही फूट-फूट सरकत होतो. मग मीटरमध्ये गिअरच्या चित्राचा पिवळा दिवा लागला : गिअरबॉक्स तापलाय, गाडी बाजूला घ्या. त्या गर्दीत बाजू कुठली? आप्पा मागून एवढंच म्हणाले, "एवढी पळणारी गाडी घेतलास, हिला चालता येत नाही व्हय?"

त्यानंतर गाडी बघायची माझी रीतच बदलली. ० ते ताशी १०० किलोमीटर वेग किती सेकंदांत, हा आकडा मी आता सगळ्यात शेवटी वाचतो. तो आकडा मोकळ्या धावपट्टीवर, एकट्या ड्रायव्हरनं काढलेला असतो. आपण गाडी चालवतो सात रस्ता चौकात, तुळजापूरच्या घाटात आणि उसाच्या ट्रॉलीमागे. गिअरबॉक्सची निवड तिथंच व्हायला पाहिजे. खाली लिहिलंय ते वीसेक लाखांच्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीपासून कोटीच्या घरातल्या बीएमडब्ल्यू एम२ पर्यंत सगळ्यांना लागू आहे. पैसे वेगळे, प्रश्न तेच.

आधी आठवड्याचा हिशेब मांडा

शोरूमला फोन करण्याआधी एक कागद घ्या. गेल्या सात दिवसांत गाडी कुठे-कुठे गेली ते लिहा. माझा कागद असा होता : रोज जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि परत, दोनदा नवी पेठ, एकदा पुणं. म्हणजे सहा दिवस गर्दी आणि एक दिवस हायवे. घाट महिन्यातून एकदा. तुमचा कागद वेगळा निघेल. पण तो खरा लिहा. "वीकएंडला लाँग ड्राइव्ह" असं लिहिणाऱ्या बहुतेकांचा वीकएंड लग्नात आणि बारशात जातो.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी. गाडी घरातलं आणखी कोण चालवणार? आणि तुमचा डावा गुडघा कसा आहे? हसू नका. चाळिशीनंतर जड क्लच हा छंद राहत नाही, व्यायाम होतो.

डब्यात, म्हणजे गिअरबॉक्समध्ये, काय आहे ते ओळखा

मॅन्युअलबद्दल फार सांगत नाही, आपण सगळे त्यावरच शिकलो. एवढंच, की वेगवान गाडीत मॅन्युअल आता हौसेसाठी उरलाय, वेगासाठी नाही. पोर्शेच्या ९११ जीटी३ मध्ये (९९२ पिढी) ड्युअल-क्लच ०-१०० ला ३.४ सेकंद घेतो, मॅन्युअल ३.९. एम२ ची नवी पिढी भारतात २०२३ मध्ये आली तेव्हा ऑटोमॅटिकला ४.१ आणि मॅन्युअलला ४.३. तरी लोक मॅन्युअल मागतात. पोर्शेनं २०१३ ची जीटी३ फक्त ड्युअल-क्लचमध्ये काढली, तर जुने गिऱ्हाईक नाराज झाले. २०१६ मध्ये फक्त मॅन्युअल असलेली ९११ आर आली, नेमक्या ९९१ गाड्या, आणि २०१७ च्या जीटी३ ला मॅन्युअल पुन्हा मिळाला. अर्धा सेकंद हरायला लोक जास्तीचे पैसे मोजतात, हे शोरूममधल्या पोराला समजावून सांगता येत नाही.

एका क्लचचा आपोआप बदलणारा डबा, म्हणजे एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन). क्लच आणि गिअर तेच मॅन्युअलचे, फक्त पाय आणि हात यंत्राचे. फेरारीनं १९९७ मध्ये एफ३५५ ला गिअर बदलायचे स्टिअरिंगमागचे पॅडल दिले तेव्हा आत हीच कल्पना होती आणि यंत्रणा मॅग्नेटी मरेली कंपनीची होती. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओला एएमटी मिळाला, तोही मॅग्नेटी मरेलीचाच. म्हणजे शेजाऱ्याची सेलेरिओ लांबच्या नात्यानं फेरारीची भाची लागते. दोघींचा स्वभावही सारखा : गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते आणि आतल्यांची मान पुढे जाते. लॅम्बोर्गिनीनं अ‍ॅव्हेंटाडोरमध्ये २०११ ते २०२२ एकच क्लच ठेवला. पूर्ण रेस दिली की पाठीत लाथ बसल्यासारखा गिअर पडतो. त्या गाडीच्या चाहत्यांना तेच आवडतं. आप्पांना आवडणार नाही.

ड्युअल-क्लच समजायला घरची चूल बरी. भाकरी करणारी बाई तव्यावर एक भाकरी टाकते तेव्हा दुसरी परातीत थापत असते. पहिली उतरली की दुसरी लगेच तव्यावर. तवा रिकामा राहत नाही. इथे एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. गाडी तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, ताकद तुटत नाही. पोर्शेनं हे १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत वापरलं; रस्त्यावर पहिल्यांदा आणलं फोक्सवॅगननं, २००३ च्या गोल्फ आर३२ मध्ये. ९११ ला ते २००८ मध्ये मिळालं.

पण बाईनं ज्वारीची थापलीय आणि तुम्ही बाजरीची मागितली तर? थांबावं लागतं. डब्याचंही तसंच. त्यानं सहावा लावून ठेवलाय, तुम्ही पाचव्यातून एकदम तिसरा मागितला. पाचवा आणि तिसरा एकाच क्लचवर. मग तो आधी चौथ्याकडे जातो, तिकडून तिसऱ्याकडे, नाहीतर क्षणभर विचारात पडतो. ट्रकला ओव्हरटेक करताना तो क्षण फार लांब वाटतो.

आणि क्लच सुका की ओला, हे विचाराच. सुका क्लच हवेवर थंड होतो. हलका असतो, इंधन कमी खातो, पण गर्दीत सरकताना तापतो. ओला क्लच तेलात बुडालेला असतो आणि तेल उष्णता ओढून नेतं. व्हर्टस जीटीच्या १.५ लिटर इंजिनाला (१५० पीएस ताकद, २५० एनएम टॉर्क म्हणजे ओढ) आणि ह्युंदाई आय२० एन लाइनला सात गिअरचा सुका आहे. ३७० एनएमच्या गोल्फ जीटीआयला ओला आहे, कारण एवढी ताकद सुक्याच्या अंगावर टाकता येत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात हा फरक ब्रोशरमधल्या सनरूफपेक्षा मोठा आहे.

राहिला टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल. एका पात्याच्या चाकानं ढकललेलं तेल दुसरं चाक फिरवतं. जुन्या काळी याला आळशी म्हणायचे आणि तो होताही. मग २००९ पासून झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा डबा, ८एचपी, गाड्यांत यायला लागला. त्यात चार प्लॅनेटरी संच (मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं) आणि ती धरणारे-सोडणारे पाच क्लच-ब्रेक. कुठल्याही गिअरमध्ये त्यातले दोनच सुटे असतात, त्यामुळे आतलं घर्षण कमी. गाडी हलली की कन्व्हर्टर लवकर लॉक होतो, म्हणजे दोन्ही चाकं थेट जोडली जातात, तेलाचा मऊपणा फक्त निघताना आणि सरकताना उरतो. पुरावा हवा असेल तर बीएमडब्ल्यूच्या एम५ कडे बघा : २०११ च्या पिढीला ड्युअल-क्लच होता, २०१७ ची पिढी कन्व्हर्टरवर गेली आणि तरी आधीपेक्षा जलद निघाली. एम३४०आय आणि एम२ च्या ऑटोमॅटिकमध्येही आठ गिअरचा कन्व्हर्टरच आहे. "कन्व्हर्टर म्हणजे म्हाताऱ्यांचा" असं कुणी म्हणालं तर त्याला एम३४०आय मध्ये बसवा.

सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, या लेखात बसत नाही. रेस दिली की इंजिन ओरडतं आणि गाडी मागून सावकाश येते.

कागदावर गुणोत्तर काढा

हे काम कुणी करत नाही आणि हेच सगळ्यात उपयोगाचं. कंपनीच्या माहितीपत्रकात प्रत्येक गिअरचं गुणोत्तर आणि फायनल ड्राइव्हचं (चाकांच्या आधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) गुणोत्तर दिलेलं असतं. दोघांचा गुणाकार करा : चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे तेवढे फेरे. २०५/५५ आर१६ टायरचा घेर साधारण दोन मीटर भरतो. तेवढा घेर धरला तर हिशेब सोपा : आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना, त्या गुणाकारानं भागा आणि ०.१२ नं गुणा. आला किलोमीटरमधला वेग.

समजा सेकंडचं गुणोत्तर २ आणि फायनल ३.५. गुणाकार ७. इंजिन ६००० पर्यंत फिरवलं तर ६००० भागिले ७, म्हणजे ८५७, गुणिले ०.१२, म्हणजे १०३ किलोमीटर. दुसऱ्या एका गाडीत तोच गुणाकार ५.५ आला, तर तिचा सेकंड १३१ पर्यंत जातो.

आता कायदा बघा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवासी गाडीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी १००, महापालिका हद्दीत ७०, आणि राज्य त्याहून कमी ठेवू शकतं. म्हणजे पहिल्या गाडीत तुम्ही फर्स्ट आणि सेकंड पूर्ण वापरून मर्यादेला पोचता, इंजिन वरपर्यंत गाताना ऐकू येतं. दुसऱ्या गाडीत सेकंड निम्मा-पाऊण वापरला की संपलं. आखूड गिअरची (गुणाकार मोठा असलेली) दीडशे पीएसची गाडी सोलापूर-पुणे रस्त्यावर जी मजा देते, ती लांब गिअरची चारशेची देत नाही. मॅन्युअल घेणार असाल तर हे दुप्पट लागू, कारण मॅन्युअल घ्यायचा तो गिअर टाकण्यासाठीच.

चाचणीचा रस्ता तुम्ही ठरवा

शोरूमवाला तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतो. तेवढ्यावर चादरसुद्धा घेऊ नये. वरच्या गाड्यांसाठी पुणं गाठावं लागतं हे खरं, पण निम्म्या चाचण्या तिथंही होतात, आणि ओळखीतल्या कुणाकडे तीच गाडी असेल तर एक सकाळ मागून घ्या. पेट्रोल तुमचं, नाष्टा तुमचा. माझा क्रम असा आहे.

पहिलं, थंड गाडी. आदल्या रात्रीपासून उभी असलेली. मॅन्युअलमध्ये थंड असताना सेकंड टाकून बघा. थोडा अडला तर ठीक, तेल जाड असतं. पाच किलोमीटरनंतरही अडत असेल तर सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी कडी) झिजलाय. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून डी मधून आर आणि परत डी करा. मऊ 'ढप' चालतो. 'खट्' आला आणि सीट हलली तर कारण विचारा.

दुसरं, तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प. ही चाचणी मला सगळ्यात जास्त आवडते आणि फुकट आहे. रॅम्पच्या मध्यावर थांबा. आता रिव्हर्समध्ये, फूटभर, वर सरका. कन्व्हर्टरला हे काहीच वाटत नाही. तेल सरकतं, गाडी सरकते. ड्युअल-क्लचला वाटतं. तो हाफ क्लच धरतो, सोडतो, गाडी आधी हलतच नाही आणि मग एकदम उडी मारते. मागे भिंत असते. दोन-तीनदा करून बघा आणि पायाला अंदाज येतो का पाहा. काही गाड्यांत येतो, काहींत महिनाभर येत नाही.

तिसरं, संध्याकाळी सहाचा सात रस्ता. इथे गाडीला वेग नको, चालता आलं पाहिजे. ब्रेक सोडल्यावर गाडी स्वतःहून किती सरकते, फर्स्ट-सेकंडमध्ये गोंधळते का, हे बघा. न रंगवलेला स्पीडब्रेकर आपल्याकडे पावलोपावली. त्यावरून सहा-सातच्या वेगानं उतरा आणि उतरताच थोडी रेस द्या. डबा सेकंडमध्ये राहू की फर्स्टला जाऊ असं करत बसला तर झटका बसतो. मी मागे आप्पांना बसवतो, मांडीवर शेंगाचटणीचा उघडा डबा देऊन. चटणी सांडली की गाडी नापास. उगाच नाही, मागच्या सीटवरच्या माणसाला जे कळतं ते ड्रायव्हरला कळत नाही, कारण ड्रायव्हरची मान आधीच तयार असते.

ड्युअल-क्लच घेतलाच, तर गर्दीत चालवायची सवय बदला. पुढची गाडी फूटभर सरकली की आपण फूटभर सरकायचं नाही. एका गाडीएवढी जागा होऊ द्या, मग एकदम जा आणि क्लच पूर्ण लागू द्या. चढावर रेस देऊन गाडी धरायची नाही. ब्रेक दाबा, ब्रेकवर क्लच सुटतो. गड्ड्यात मी नेमकं उलटं केलं होतं, चाळीस मिनिटं.

चौथं, हायवे आणि उसाची ट्रॉली. गाळप हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा असला तर नशीब. पुढे मोकळं दिसत असेल तेव्हाच, साठ-सत्तरच्या वेगावरून डी मध्ये रेस दाबा आणि मनात "एक, दोन" म्हणा. "एक" संपायच्या आत गाडी उचलली तर उत्तम. "दोन" झालं तर तो डबा विचार करतोय. मग तेच पॅडलनं करा : ओव्हरटेकला निघण्याआधी डावं पॅडल एकदा-दोनदा ओढून तिसरा घ्या आणि मग रेस दाबा. फरक इतका पडतो की बऱ्याच जणांना वाटतं गाडीच बदलली. पॅडल नसलेली पळणारी गाडी घेऊ नका, एवढं माझं ठाम मत आहे. आणि अर्ध्या रेसवरही बघा. पूर्ण दाबल्यावर सगळेच डबे शहाणे होतात. चाळीस टक्के दाबल्यावर कळतो खरा स्वभाव.

पाचवं, घाट

तुळजापूर आपल्यापासून पंचेचाळीस किलोमीटर. तामलवाडीचा टोलनाका सोडला की रस्ता बराच वेळ सरळ, आणि तुळजापूरच्या आधी बालाघाटचा चढ लागतो. महाबळेश्वर नव्हे, पण गिअरबॉक्सला बोलतं करायला पुरेसा. सकाळी लवकर जा. पौर्णिमा आणि नवरात्र टाळा, पायी येणारे भाविक रस्त्यावर असतात.

चढताना डी मध्ये वळणात शिरा. वळणाच्या तोंडाशी रेस सोडली की डबा वरचा गिअर टाकतो का? टाकला तर वळणातून बाहेर पडताना तो पुन्हा खालचा शोधणार, गाडी हिसका देणार. चांगला डबा रेस झटकन सोडल्यावर ओळखतो की वळण आलंय आणि गिअर धरून ठेवतो. स्पोर्ट मोडमध्ये बहुतेक धरतात. मला नॉर्मलमध्ये धरणारा आवडतो. मग मॅन्युअल मोड लावा. इंजिन लिमिटला पोचल्यावर डबा आपला आपण वरचा टाकतो की तुमची वाट बघतो? नुसतं नाव 'मॅन्युअल' आणि निर्णय त्याचा, असे डबे बरेच आहेत.

उतरताना डावं पॅडल ओढून सेकंड मागा. इंजिन स्वतःहून रेस घेऊन, गुरगुरत, गिअर अलगद बसतो ते अनुभवा. इथे ड्युअल-क्लचला तोड नाही. कन्व्हर्टर थोडा मऊ, पण एम३४०आयसारख्या गाडीत वाट बघायला लावत नाही. आणि इंजिनाचा आवर किती मिळतो ते बघा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

मॅन्युअल घेऊन उतरत असाल तर इथेच पेडलची जागा तपासा. ब्रेक दाबलेला असताना उजव्या पायाची कड रेसला लागते का? काही गाड्यांत ब्रेकचं पेडल इतकं वर असतं की पाय वाकडा करून घोट्याला कळ लागते. चप्पल घालून चाचणी देऊ नका. कोल्हापुरी तर नाहीच; तिचा तळ कडक, पेडल काय म्हणतंय ते पायाला कळत नाही.

हील-अँड-टो, सावकाश

म्हणजे एकाच पायानं ब्रेक आणि रेस. नावावर जाऊ नका, टाच फारशी लागत नाही. तिसऱ्यातून सेकंडला येताना इंजिनाचा वेग चाकांशी जुळवायचा, एवढंच. वरचंच उदाहरण घेऊ. ताशी साठला सेकंडमध्ये (गुणाकार ७) इंजिन ३५०० वर असतं. तिसऱ्याचं गुणोत्तर १.४ धरलं तर गुणाकार ४.९, आणि इंजिन २४५० वर. म्हणजे खाली येताना हजारएक आरपीएम कमी पडतात. ते तुम्ही दिले नाहीत तर क्लच देतो, आणि गाडी नाक खुपसते.

आधी इंजिन बंद ठेवून, अंगणात. पायाच्या चवड्याचा डावा भाग ब्रेकवर, उजवी कड रेसवर, मनगट फिरवावं तसा पाय फिरवा. पन्नास वेळा. मग मोकळ्या रस्त्यावर ब्रेकशिवाय : क्लच दाबा, रेसला एक टिचकी द्या, सेकंड टाका, क्लच सोडा. टिचकी म्हणजे टिचकीच, पंप मारल्यासारखं नाही. काटा साडेतीन हजाराला टेकतोय का पाहा. हे आठवडाभर जमलं की मग ब्रेक जोडा. अवघड भाग रेस नाही, ब्रेक आहे : पाय फिरवताना ब्रेकवरचा दाब हलता कामा नये. तो हलत असेल तर गर्दीत हे करू नका, मागच्याचा विचार करा.

एम२ च्या मॅन्युअलमध्ये ही रेस गाडी स्वतः देते. मी ती एका सकाळी, पुण्याच्या मित्राच्या मेहेरबानीनं चालवली. क्लच वाटला होता तेवढा जड नाही, लिव्हरचा हात थोडा रबरी, आणि इंजिनात एवढा टॉर्क की तिसऱ्यातच सगळं गाव फिरून होतं. सोय म्हणून छान. पण दहा मिनिटांनी माझा उजवा पाय रिकामा बसला होता आणि त्याला ते आवडलं नाही.

लाँच कंट्रोल, म्हणजे उभी गाडी पूर्ण ताकदीनं सोडायची सोय, त्याबद्दल एवढंच : डावा पाय ब्रेकवर, उजव्यानं पूर्ण रेस, ब्रेक सोडा. एकदा मित्रांना दाखवायला ठीक. प्रत्येक वेळी क्लच, शाफ्ट, टायर सगळं एकदम मार खातं, आणि आपल्या रस्त्यांवर ते करायची जागाही नाही. हौस असेल तर कोइम्बतूरचा कारी ट्रॅक किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. ट्रॅक-डे असेल तेव्हा जा.

जुनी गाडी घेताना

बरीच पळणारी गाडी आपल्याकडे दुसऱ्या हातानं येते, पुण्या-मुंबईहून. माझे मेस्त्री आधी दोन गोष्टी करतात. मॅन्युअल असेल तर चाळीसच्या वेगावर चौथा टाकून रेस पूर्ण दाबायची. काटा भसकन वर गेला आणि गाडी तिथंच, तर क्लच घसरतोय. ड्युअल-क्लच असेल तर अर्धा तास गर्दीत फिरवायची आणि मग रॅम्पवर न्यायची. थंड गाडीत दोष लपतो, तापलेलीत बोलतो. मॅन्युअलच्या न्यूट्रलमध्ये खडखड येते आणि क्लच दाबला की थांबते का, तेही कान देऊन ऐकतात.

मग बिलं. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं बिल मागा. 'आयुष्यभराचं तेल' असं विकणारे सांगतात, पण झेडएफ स्वतः त्यांच्या डब्यांसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं सुचवतं. ओल्या ड्युअल-क्लचच्या तेलालाही मुदत असते, फोक्सवॅगनच्या जुन्या सहा गिअरच्या ड्युअल-क्लचला, म्हणजे डीएसजीला, ६०,००० किलोमीटर. बिल नसेल तर तेवढा खर्च किमतीतून वजा करा. मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे डब्याच्या आतला मेंदू आणि हायड्रॉलिक्स एकत्र, गेला तर खर्च लाखांत जातो. म्हणून वाढीव वॉरंटी मिळत असेल तर घ्या. मी एरवी वाढीव वॉरंटीच्या विरोधात आहे.

कुणी काय घ्यावं

रोज गर्दी, कधीतरी हायवे, घरात तीन ड्रायव्हर : कन्व्हर्टर, डोळे झाकून. ड्युअल-क्लच त्याला, ज्याचा कागद हायवे आणि घाटानं भरलाय आणि गर्दीत जागा सोडायचा धीर आहे. शक्य असेल तर ओला. मॅन्युअल त्याला, ज्याची ही दुसरी गाडी आहे किंवा ज्याला रोजच्या त्रासाचं काही वाटत नाही. व्हर्टस जीटीला सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो, २०२४ मध्ये आलेली टाटाची अल्ट्रोझ रेसर १२० पीएसची आणि मॅन्युअलच होती. यांत गिअर आखूड, वजन कमी, आणि सोलापुरात त्या पूर्ण वापरता येतात.

विजेच्या गाड्यांचं विचारतात लोक. बहुतेकांना एकच गिअर. पोर्शेच्या टायकानला मागे दोन आहेत, आणि ह्युंदाईनं आयोनिक ५ एन मध्ये खोटे गिअर घातलेत, खोट्या झटक्यासकट. झटका घालवायला शंभर वर्षं गेली आणि आता तो सॉफ्टवेअरनं परत आणतात.

मी शेवटी मॅन्युअल घेतला. आप्पांनी अट घातली की गड्ड्याला रिक्षानं जायचं. मान्य केली.

गाडी आली की पहिले दीड-दोन हजार किलोमीटर सांभाळा. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना तर २००० वर तपासणी करून तेल बदलून घ्यावं लागतं. इंजिन वरपर्यंत ताणू नका, पण एकाच वेगावर तासन्‌तास धरूनही ठेवू नका; गिअर बदलते राहू द्या. सोलापूर-पुणे-सोलापूर पाचशे किलोमीटर, चार फेऱ्यांत दोन हजार होतात म्हणून बरेच जण तेच करतात आणि सगळा वेळ टॉपमध्ये नव्वदवर काढतात. त्यापेक्षा रविवारी पहाटे तुळजापूरला जाऊन या, नव्वद किलोमीटर, वाटेत घाट. परत येताना पुढे ट्रॅक्टर लागला तर घाई करू नका, मागे राहून सेकंड-थर्ड, सेकंड-थर्ड करत या.